सव्वाआठची मीटिंग

मकरपुऱ्यात आमच्या वाइंडिंगच्या शेडमध्ये
सव्वाआठला मीटिंग भरते.
भरते कसली,
मी उभी, हातात वही,
आणि अकरा जण आपापल्या बुटांकडे बघत.
"कोणाला काही अडचण?"
"ना, बेन."
तीन वर्षं मी वहीत लिहिलं : अडचण नाही.
तीन वर्षं दर महिन्याला दोन-तीन ट्रान्सफॉर्मर
टेस्टिंगहून परत आले
कपाळावर लाल खडूची फुली घेऊन.

भीखुभाई निवृत्त झाले त्या दिवशी
गेटबाहेर शेवउसळ खाताना म्हणाले,
पाव मोडत, माझ्याकडे न बघता :
"शिर्केबेन, तुम्ही विचारता खरं,
पण दार लावून घेता आणि मग विचारता."
डोळ्यांत पाणी आलं. तर्रीचंच असावं.

सोमवारी स्टूल ओढून बसले.
वही पिशवीतच ठेवली.
विचारलं, काल हाताला काय वेगळं लागलं?
आणि गप्प राहिले.

गप्प राहणं हे काम आहे, हे कोणी शिकवलं नव्हतं.
आमच्या घरी, दांडिया बाजारात,
चार बहिणींत जी थांबली तिची पोळी गार.
जीभ नुसती वळवळत होती.
म्हणून वेढे मोजायला लागले,
मशीनवर तांब्याच्या तारेचे मोजतात तसे, मनात.
बारा. वीस.
पंखा कुरकुरला. कोणीतरी खोकलं.
एकतीस.
चहा आणणारा पोऱ्या दारातच अडला,
त्याला वाटलं कोणी गेलं की काय.
चव्वेचाळीस.
"बेन,"
रमिला राठवा, मागे, भिंतीला टेकलेली,
आठ महिन्यांत जिचा आवाज मी ऐकला नव्हता,
"कागद दमट येतो.
गोदामात रीळ नळाच्या भिंतीला टेकवून ठेवतात.
बोटाला कळतं."

कधीपासून?
"मी लागले त्या दिवसापासून."

आता जे वाक्य माझ्या ओठांवर आलं
ते तुम्हालाही ठाऊक आहे.
मग आधी का नाही बोललीस?
ते दाढेखाली धरलं
सुपारीच्या खांडासारखं, फुटेस्तोवर.
म्हटलं, चल, दाखव मला.
सगळेच आमच्यामागून गोदामात आले,
वाटेत तिघं एकदम बोलत होते.

आता रोज कोणी ना कोणी बोलतं.
एकदा अख्खी मीटिंग चहातल्या साखरेवर गेली,
एकदा दोघांची हमरीतुमरी.
महेंद्र अजून बुटांकडेच बघतो.
बघू दे. त्याचे वेढे जास्त असतील.

बाराला वरच्या काचेच्या खोलीत
साहेबांची मीटिंग असते.
एसी चालू, फाइल उघडी, पेनाचं टोपण काढलेलं.
"एनी प्रॉब्लेम, शिर्के?"
गोदामाला दुसरी खोली हवी, हे मी रात्री घोकलेलं.
साहेबांनी पान उलटलं
माझे दोन वेढे होण्याआधी.

"नाही, सर," मी म्हणाले,
आणि माझे बूट किती झिजलेत
ते मला तेव्हा दिसलं.