दोन की तीन

भांडुपच्या बाटली कारखान्यात माझं काम एवढंच:
दर दोन तासांनी भट्टीतला नमुना
खिडकीशी धरायचा
आणि वहीत रंग लिहायचा.
पांढरा. पांढरा. किंचित हिरवा. पांढरा.

वाळूत लोखंड असतंच, नागावकर म्हणायचे,
सॅम्युअल नागावकर, आमचे केमिस्ट,
शनिवारी घरी, रविवारी एकटेच प्रयोगशाळेत.
चाळा, धुवा, चुंबक फिरवा,
तांदळातल्या खड्यासारखं उरतंच.
किती आहे ते मी बघतो, पुष्पलता.
तू बघ, त्यानं काय सोडलंय.

तीन इलेक्ट्रॉन सोडून आलेलं लोखंड
सिलिकाच्या पंगतीत मांडी घालून बसतं,
चार ऑक्सिजन धरतं, घरचं होतं;
काचेला जेमतेम हळदीचा हात.
दोनच सोडलेलं
सहा जणांच्या गराड्यात अवघडून उभं,
जाळ्याचे टाके उसवतं,
निळं दिसतं,
आणि वरून आलेली धग वरच्या वर गिळतं.
टाकीचा तळ गारच.

त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये, रात्रपाळीला,
धोंडू कासारेनं कोळशाची पूड दुप्पट टाकली.
बायको केईएमला होती, तिसरा दिवस.
पहाटे नमुना आला
रेशनच्या रॉकेलसारखा निळा.
अकराशे बाटल्या. सगळ्या फोडायच्या.

मी लोखंड मोजलं. कालच्याइतकंच होतं,
कणभर जास्त नाही.
वहीत लिहिलं: वाळू खराब.

नागावकरांनी वाचलं,
चष्मा काढून पुसला, परत वाचलं,
खाली सही केली.
मग स्वतःच्या हातानं सोरा मोजून दिला.
दोन दिवस लागले
लोखंडाला तिसरा सोडायला.

आता तिथं चाळीस मजले आहेत.
धाकट्या जावेच्या मुलानं फ्लॅट घेतलाय,
मला मुद्दाम न्यायला आला.
मावशी, काच बघा, इंपोर्टेड, एकदम क्लिअर.

समोरून काहीच नव्हतं खरं.
पवई, तलाव, धुरकट ऊन.
पण बाल्कनीतली एक काच अजून बसवायची होती,
भिंतीला टेकवलेली,
खाली पुठ्ठा.
मी गुडघे धरत वाकले
आणि कडेनं पाहिलं.

हिरवी.
मी बोट फिरवलं.
मुलगा म्हणाला, जपून, कापेल.