जुगूळच्या चोपणात

माती तपासणारा माणूस मी,
झाडाकडं बघायची सवय नव्हती.
उगारहून सकाळी मोटारसायकलनं निघायचं,
पिशव्या, खुरपं, लेबलं, शिसपेन्सिल
(शाई इथं टिकत नाही, मीठ अक्षर खातं),
आणि ऊस जिथं गुडघ्याला येऊन थांबला
तिथं इंग्रजी व्हीसारखा खड्डा घ्यायचा.

नमुना सतरा. जुगूळची वाट, नदीकडची बाजू.
बुटाखाली पापडासारखा मोडणारा पांढरा थर.
खड्ड्याच्या कडेला ते होतं,
टाचेएवढं, राखाडी,
जणू शेजारून कुणी दळणाचा डबा झटकून गेलंय.
बोटानं पुसलं. पीठ गेलं नाही.
जिभेला लावलं.
मीठ.

अथणीच्या कॉलेजातल्या सदलगे मॅडमनी
वनस्पती ओळखायची किल्ली पाठवली,
नऊ पानांचे नऊ फोटो, एक तिरका.
किल्ली कसली, नुसत्या फाट्यांची वाट:
पानं समोरासमोर असतील तर चारवर जा,
एकाआड एक असतील तर सातवर.
दर फाट्याला दोनच पर्याय.
आमच्या भागात वाढलेल्याला हे नवं नाही.
माध्यम कुठलं, घरची भाषा कुठली,
एकाच चौकोनात खूण करा.
मी खुणासुद्धा पेन्सिलनंच करत आलो.

मोरस? नाही.
मोरसाचं पान काडीसारखं गरगरीत, हे चपटं.
चाकवत? मी तेच म्हणत होतो.
"फळ बघितलंत?" मॅडम म्हणाल्या.
चाकवताची बी पाच पाकळ्यांच्या चुंबळीवर बसते.
हिची बी दोन पानोळ्यांत मिटलेली,
ओंजळीत काजवा धरावा तशी.
म्हणजे ताकात शिजतो त्या चंदनबटव्याचं
कुणी रानात राहिलेलं भावंड.
"आता शेवटचा फाटा.
त्या ओंजळीला देठ आहे का?
नसेल तर नाव सांगते.
असेल तर..."
फोनवर कुकरची शिट्टी झाली.
"असेल तर माझ्याकडं नोंद नाही.
घाई करू नका. मार्गशीर्षापर्यंत पिकू दे."

अकरा रोपं मोजली. काड्या रोवल्या, सुतळी ओढली.
सत्तेव्वा शेळ्या घेऊन आली, लांबूनच म्हणाली,
उप्पिन सोप्पु.
मिठाची भाजी.
घरात मीठ संपलं की तिची आई
हीच चुरडून आमटीत टाकायची.
किल्ली नाही, भिंग नाही, एकही फाटा नाही.
मग माझी सुतळी बघून तोंडाला पदर लावला:
"एल्ला बिट्ट इदक्क बेली हाकीरेन्री?"
सगळं सोडून ह्याला कुंपण!
दुसऱ्या दिवशी दहा होती.
शेळीला मीठ आवडतं, तिचा दोष नाही.

मार्गशीर्षात उकिडवा बसलो, भिंग डोळ्याला,
श्वासानं काच धुरकटायची, पुसायची, परत.
देठ होता.
तांदळाच्या कणीएवढा, किंचित वाकडा,
पण होता.
मॅडमना फोन लावला, रेंज नव्हती.
तेवढ्या वेळात मला एकट्यालाच ते माहीत होतं,
आणि मी कुणालाही सांगू शकत नव्हतो, शेळ्या सोडून.

त्याच आठवड्यात सतराचा अहवाल माझ्याच टेबलावर.
क्षारता बारा. पीएच आठ पूर्णांक नऊ.
शिफारस: जिप्सम, जमिनीखालून पाइप, निचरा.
सही माझी.
आणि शिफारस बरोबर होती.
सात वर्षं लोकांनी त्या पाइपांची वाट पाहिलीय,
मीठ उतरलं की तिथं गहू येईल, हरभरा येईल.
मीठ उतरलं की हे येणार नाही.
अहवालात या वाक्याला रकाना नाही.

सही केली.
मग परत गेलो, उपटलं काही नाही.
गळून पडलेली फळं वेचली, चौदा,
देठासकट,
आणि त्यांच्याच खालची ओंजळभर माती,
पांढऱ्या थरासकट.

लॅबमध्ये येणारी प्रत्येक माती
शिवाप्पा वाळवतो, कुटतो, चाळणीतून काढतो.
या पिशवीवर नाव काय घालावं ठरेना.
शेवटी पेन्सिलनं लिहिलं उप्पिन सोप्पु,
खाली तारीख, जुगूळ,
आणि शिवाप्पासाठी दोन्ही भाषांत
एकच ओळ:
कुटू नये.