काजीच्या नावावर

कंधारच्या कोर्टाबाहेर मी अर्ज लिहितो,
छत्तीस वर्षं, चिंचेखाली, टेबलाचा एक पाय विटेवर.
तेव्हा काजी फसीहुद्दीनबद्दल जे सांगतो
ते अर्जनवीसाचं समजा, आलिमाचं नव्हे.

साडेसहाशे वर्षांपूर्वी तो दौलताबादेहून निघाला,
एका बैलावर पुस्तकं, दुसऱ्यावर आजारी आई.
मन्याडच्या उतारात दुसरा बैल बसला,
तेव्हा त्यानं पहिल्यावरची पुस्तकं उतरवली.
किती, ते कुणी मोजलं नाही.
उरलेल्या ग्रंथांवर चाळीस वर्षं निवाडे दिले:
मेंढरांनी खाल्लेली जवारी,
सामाईक भिंतीतली मोरी,
मागावर अर्धं विणलेलं लुगडं कोणाचं.

मग आली बादशाबी, मोमीनवाड्यातली.
नवरा लष्करामागं गेलेला, ना निरोप ना मयताची खबर.
ग्रंथ म्हणाला, थांब.
त्याच्या वयाची सगळी माणसं मरेपर्यंत थांब.
ती म्हणाली, "हजरत, मैं तेईस की.
तब तलक तो मेरा कफन बी गल जाइंगा."

त्या रात्री दिव्यात तीनदा तेल घातलं म्हणतात.
(दिव्याचं मला ठाऊक नाही. लोकांना दिवा लागतोच.)
पण कागद मी पाहिलाय,
इनामदारांच्या पेटीत, कसरीनं जाळी केलेला:
मदिनेच्या इमामाचं मत, चार वर्षं,
दुसऱ्या मजहबाकडून उसनं घेतलेलं,
आणि खाली, बारीक, वेगळ्या शाईत,
"यात चूक असेल तर ती माझ्या नावावर.
कयामतीला या बाईला विचारू नये."

शागिर्दांनी निवाडा उतरवून घेतला,
नांदेड, औसा, पार परांड्यापर्यंत नेला.
शेवटची ओळ बहुतेकांनी गाळली.
मी समजू शकतो. नक्कल करणारा जागा वाचवतो.

ओळ मात्र बाजारात उतरली.
परत न येणारी उधारी
इथला दुकानदार अजून काजीच्या नावावर लिहितो,
आणि कोण काजी विचारलं की
तराजूकडं बघून हसतो.

परवा एक पोरगी आली.
नवरा सहा वर्षं बेपत्ता. कायदा सात म्हणतो.
लेकरू टेबलाखालच्या विटेशी खेळत होतं.
मी अर्ज लिहिला, तिकीट चिकटवलं,
"मे. साहेबांनी कृपाळू होऊन" पण घातलं.
फी शंभर.
साठ घेतले.
चाळीस त्याच्या नावावर टाकले.

माझ्या नावावर अजून
काहीच नाही.