चौथी पट्टी

डेप्टफर्डच्या त्या जुन्या साबणाच्या वखारीत
अडुसष्टच्या फेब्रुवारीतही
भिंतींना कार्बोलिकचा वास यायचा.
दारांवर घोंगड्या,
जमिनीवर कुणाच्या तरी वारलेल्या मावशीचा गालिचा,
आणि मोठ्या ड्रमच्या पोटात
क्विल्टरसाहेबांचा स्वतःचा लोकरी स्वेटर,
ठोका बोथट व्हावा म्हणून.

मी एकोणीस वर्षांचा. टेप-ऑपरेटर.
म्हणजे चहा, म्हणजे रिळं,
म्हणजे साहेबांचं बोट हललं की बटण दाबायचं
आणि तोंड मिटून ठेवायचं.

आमच्याकडे पट्ट्या चारच.
इंचभर तपकिरी फितीवर
भाऊबंदांच्या वाटणीसारख्या, बांधाला बांध लागून:
एकीवर ड्रम आणि बास, एकीवर गिटार,
एकीवर तो दमेकरी ऑर्गन,
चौथी कायम कुणासाठी तरी राखलेली.
चारही भरल्या की सगळं एकत्र दळून
दुसऱ्या यंत्राच्या एकाच पट्टीत ओतायचं,
मग पुन्हा तीन मोकळ्या.
ओतलं की ओतलं.
पिठातून गहू कोणते आणि ज्वारी कोणती
कोण निवडून देणार?
बास कमी पडला तर जन्मभर कमी.
आणि दर दळणाला फितीची सळसळ वाढायची,
दूरच्या घरात कुणी कांदा परतत असावं तशी.

क्विल्टर हे सगळं टाय सैल न करता ठरवायचे.
'नंतर बघू' त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

सिल्व्हिया ऑर्म तीन तासांच्या बोलीवर आली.
ओला रेनकोट, पिशवीत रफू करायला घेतलेले मुलाचे मोजे.
बँडमधल्या कुणी तिला नाव विचारलं नाही.
शेवटच्या कडव्यामागे तिने एक सूर लावला,
शब्द नाही, नुसता आ,
लावला आणि धरून ठेवला.
रोली काठ्या खाली ठेवून उभा राहिला.
माझ्या हातातला चहा निवला.
मग तिने पावतीवर सही केली, पैसे मोजले
आणि बससाठी पळत गेली.

रात्री दीडला टेरेन्सला
त्याच पट्टीवर, तो सूर संपल्यावर,
खंजिरी हवीशी झाली.
बोट हललं.
मी दाबलं.
बोटाच्या अर्धा सेकंद आधी.

कापलं असतं तर तुकडा तरी उरला असता,
फरशीवरून उचलून चिकटवला असता.
हे पुसलं गेलं होतं.

क्विल्टरांनी फीत मागे नेली. ऐकली. पुन्हा ऐकली.
माझ्याकडे पाहिलं नाही.
पांढऱ्या खडूपेन्सिलीने फितीच्या पाठीवर
एक आडवी रेघ ओढली,
म्हणाले, "साखर कमी होती मघाशी चहात."

मिक्सिंगच्या रात्री त्या रेघेपाशी
त्यांनी दोन्ही तळहातांनी सगळ्या खुंट्या खाली ओढल्या,
ड्रम, गिटार, ऑर्गन, सगळं एकदम बंद,
जणू ते भगदाड आधीपासून नकाशात होतं.

रेकॉर्ड निघाली. त्या शांततेवर लोकांनी रकानेच्या रकाने लिहिले:
काय धाडस, ऐन भरात गाण्याचा श्वास तोडायचं!
टेरेन्स म्हणाला, पहाटे सुचलं.
मी काहीच म्हणालो नाही. मला तेवढंच शिकवलं होतं.

परवा कंपनीने एक मुलगी पाठवली, ऑनर तिचं नाव.
तिच्या लॅपटॉपवर आता पिठाचे पुन्हा दाणे होतात.
गहू इकडे, ज्वारी तिकडे;
तिने ड्रम एकटा काढून ऐकवला
आणि मला त्यात स्वेटर ऐकू आला.
मग ती रेघेपाशी थांबली.
"इथे काहीतरी होतं ना?"

मी सांगितलं. छप्पन्न वर्षांनी, एका दमात.
ती टाइप करू लागली, मग विचारलं,
ऑर्मच्या शेवटी ई आहे की नाही?

मला माहीत नव्हतं.
मोजे राखाडी होते,
एका टाचेला भोक,
एवढंच सांगू शकलो.