तपासणी

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मी नोटा तपासल्या.
शाई फुटलेली, आकडा सरकलेला,
कडेला केसाएवढी घडी,
दिसली की कागद बाजूला.
नोटेच्या पाठीवर पंधरा भाषांची पट्टी असते,
बोटभर.
शंभर रुपये, शंभर रुपये, शंभर रुपये,
प्रत्येक भाषेत तेवढेच,
पैसाभर कमी नाही, जास्त नाही.
भाषांतर म्हणजे हेच
असं मी धरून चालले होते.

निवृत्त झाल्यावर ठरवलं, जगातले धर्म वाचायचे.
हसू नका. कुणी भिशी लावतं, कुणी कुंडीत गवती चहा.
पंचवटीत वाढले मी, घंटा ऐकत.
शेजारच्या घरात काय म्हणतात
ते उंबऱ्याबाहेरून तेवढं ऐकलेलं.

शालिमारला जुन्या पुस्तकांच्या गाळ्यात
अन्वर कोकणींनी स्टूल पुढे सरकवलं.
म्हटलं, प्रत्येक धर्माचा एकेक ग्रंथ द्या.
मराठीतला. बिनचूक.
त्यांनी चष्मा कपाळावर नेला.
"बिनचूक पाहिजे तर अरबी शिका, बाई.
भाषांतराला आमच्यात ग्रंथ म्हणत नाहीत,
अर्थ म्हणतात. नुसता अर्थ."
आणि एकाच्या जागी तीन अर्थ ठेवले पुढ्यात.
"एक वाचलात, तर तो लिहिणारा कळेल.
तीन वाचलेत, तर कदाचित आम्ही."

सवयीनं मी पान उजेडाला धरलं.
जलचिन्ह नव्हतं.
सुरुवातीलाच तिघांचं फाटलेलं:
एकानं लिहिलं होतं, भिणारे.
दुसऱ्यानं, स्वतःला जपणारे.
तिसऱ्यानं मूळ शब्द तसाच ठेवून
खाली मुंगीच्या अक्षरात तळटीप दिली होती,
अर्ध्या पानाची.
प्रेसमध्ये असते तर तिन्ही कागद रद्द.
इथे त्या तळटिपेपाशी
माझा चहा निवला.

शरणपूरला सुवार्ता साळवे राहतात, सिव्हिलमध्ये सिस्टर होत्या.
त्यांच्याकडे दोन प्रती. आजोबांच्या प्रतीत "पश्चात्ताप करा",
नव्या प्रतीत त्याच जागी "मागे फिरा".
यातलं खरं कुठलं?
त्या पाकीट उघडून सुपारी शोधत राहिल्या. मग म्हणाल्या,
"आई गेली त्या रात्री मला जुनं लागलं.
थोरला दारू सोडून घरी आला,
तेव्हा नवं."

बुद्धाचं सोपं जाईल असं वाटलं होतं.
पालीत दुक्ख, मराठीत दुःख,
भाषांतर करणाऱ्यानं हात झटकले असतील.
त्रिरश्मीच्या पायथ्याशी रविवारी पालीचा वर्ग भरतो,
शिकवणारा प्रज्ञेश, दिवसा टायरच्या दुकानात असतो.
तो म्हणाला, "काकू, इथेच फसतात सगळे.
तुमचं दुःख आणि ते दुक्ख सख्खे नाहीत,
आडनावबंधू आहेत.
चाकाचा आस भोकात नीट बसला नाही
की गाडी चालते, पण करकरते.
रडण्याआधीची ती करकर धरा.
परका शब्द माणूस थांबून वाचतो.
ओळखीचा आधी तपासा."

लेण्यांच्या पायऱ्या उतरताना
गुडघा करकरला. मी हसले एकटीच.

मग त्या रात्री देव्हाऱ्यापुढे बसले
आणि रोजचं स्तोत्र म्हणता म्हणता
चौथ्या ओळीवर अडखळले.
विसरले नव्हते. पन्नास वर्षं पाठ आहे.
पण त्या ओळीत एक शब्द होता,
चांगला ओळखीचा,
येता-जाता मान हलवणारा,
आणि त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं.
इतकी वर्षं न तपासता
पुढे सोडत आले होते मी.

सकाळी पुन्हा शालिमार.
"अन्वरभाई, आता आमचं द्या.
एक नको. तीन द्या,
एकमेकांशी न पटणारे."

ते शिडीवर चढले, धूळ झटकत उतरले.
मी शंभराची नोट पुढे केली.
त्यांनी ती घेतली
आणि खिशात टाकण्याआधी
क्षणभर
उजेडाला धरली.