तिसरा रकाना

पाळणाघराच्या फॉर्मवर तिसऱ्या रकान्यात विचारलंय:
आई-बाप न सापडल्यास कोणाला कळवायचं?
बाप बोटीवर, एकवीस दिवस. आई मी.
माझी आई इकीकेला, वाळवंटाच्या काठी.
तिथून पुंता अरेनासला यायचं तर दोन विमानं
आणि तिचा गुडघा.

फोनवर ती नाहुएलचा खोकला ऐकते,
म्हणते, छातीला हात लावून बघ, घरघरतंय का.
हात माझा. कान तिचा.

मंगळवारी वारा सुटला.
पालिकेने कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधले,
एका हाताने मी दोर धरला, एका हाताने नाहुएल,
पिशवी दातात धरायची तेवढी राहिली.
टोपी उडाली.
टोपीमागे तोही निघाला.

बटणांच्या दुकानातली म्हातारी झ्देंका
दार सताड टाकून आली, त्याचं बखोट धरलं,
आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच माझ्याशी बोलली:
असल्या वाऱ्यात कोणी पोर बाहेर काढतं?
बरं वाटलं.
रागवायला कोणीतरी होतं.

आज दुकानात गेले. आडनाव विचारलं.
कशाला?
सांगितलं.
ती चष्मा पुसत राहिली बराच वेळ,
मग पेन हिसकावून स्वतःच लिहू लागली,
शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर एक बारीक आकडा काढला,
तिच्या आजोबांच्या मुलखातला.
हा सगळे विसरतात, म्हणाली.

पुढे छापलंय: नातं.
तिथे नाहुएलने बोट टेकवलं, मुरंब्याचं, चिकट.
फॉर्म तसाच दिला.