व्हिसा नाकारल्यावर डभई

अर्ज परत आला तोवर रजा मंजूर झाली होती.
दोघांचीही.
दिगंबर म्हणाला, राहू दे, रजा तरी आहे.

सहा महिने तो फ्रिजच्या दारावर शब्द चिकटवत होता.
पान म्हणजे पाव. आग्वा म्हणजे पाणी.
काये म्हणजे रस्ता.
मी पोळ्या लाटता लाटता विचारायचे, काये?
तो म्हणायचा, रस्ता.

आर्कोस नावाचं गाव बघायचं होतं आम्हाला,
स्पेनच्या दक्षिणेला, कड्याच्या टोकावर, चुन्यानं पांढरं.
गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून गाडी आली
तर माणसानं थोडा वेळ भिंत व्हायचं.

बडोद्याच्या डेपोत डभईची बस उभीच असते.
एकतीस वर्षं मी तिच्या पाटीखालून भाजी घेऊन गेले.
शाळेत डभईची लढाई दोन ओळींची होती,
सन बरोबर लिहिलं की एक गुण.
कोण कोणाशी लढलं ते कोणी विचारत नसे,
विचारलं असतं तर सांगायला लाज वाटली असती.
पाटीवर गुजरातीत डभोई.

हिरा भागोळ आधी दिसत नाही.
आधी दिसतात दुचाक्या, मग एक बांधलेली शेळी,
मग एकदम दगड:
हत्ती, मगरी, नाचणाऱ्या बाया,
हात पोचतो तिथवर झिजून गुळगुळीत,
त्याच्या वर अजून धारदार.

चहावाला जशुभाई कप विसळत सांगत होता.
राजाच्या कामावरचे दगड चोरून
हिऱ्यानं तिच्यासाठी तळं बांधलं.
जीवतो चणी दीधो, बेन.
जिवंत चिणला. आणि ही फट.
इथून ती तूप ओतायची, रोज,
तो भिंतीत बसून प्यायचा.
पुढे काय झालं?
पुढे जशुभाईचं दूध उतू गेलं.

दिगंबरनं फटीत बोट घातलं.
मग तोंड जवळ नेऊन, हळू,
मी ऐकत नाहीये असं समजून
म्हणाला, ओला.

माझ्या पर्समध्ये ते पत्र घडी घालून होतं.
कारणाच्या रकान्यात छापील वाक्य:
परत येण्याचा हेतू सिद्ध होत नाही.
दरवाज्यातून मघापासून सगळे येत-जात होते,
भांड्यांची हातगाडी, शाळेतल्या मुली,
एक म्हातारा, उगाच, तीनदा.

सहा चाळीसची बस मिळाली. खिडकीची जागा त्याला.
वाटेत कापसाची शेतं अंधारात गेली.
तो बोटाकडे बघत होता,
नखात काळं काहीतरी,
आठशे वर्षांचं असेल, नाहीतर कालचं.

मी विचारलं, काये?

तो म्हणाला, घरातलं तूप संपलंय.